हेकरू मारणारे सर

सर श्वास रोखून बसले असताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा आमच्या स्टाफरूमचा नियम होता. नियम सरांनीच केलेला. मधल्या सुट्टीत डबा संपला की ते खुर्चीत ताठ बसत, डाव्या हाताचं बोट वर करत आणि डोळे मिटून घेत. बोट वर आहे म्हणजे सर 'खाली' आहेत. खाली म्हणजे समुद्राच्या तळाशी, खडकांत. रिसोडहून समुद्र गाठायला एक रात्र आणि वर अख्खा दिवस लागतो, पण सर मधल्या सुट्टीत जाऊन यायचे.

एकदा मुख्याध्यापक दहावीच्या फॉर्मांबद्दल काही विचारायला आत आले. बोट वर. मुख्याध्यापक उभे, म्हणून आम्हीही उभे. शेवटी सरांनी फुस्सकन श्वास सोडला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या चपलांच्या आवाजानं वीस सेकंद गेले माझे." मुख्याध्यापकांनी माफी मागितली. ती माफी मागितल्याबद्दल मी त्या मुख्याध्यापकांना अजून माफ केलेलं नाही.

मी या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. सर विज्ञान शिकवायचे. जन्माने ते धनजचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या सोयाबीन-तुरीच्या गावचे. पण पहिली नोकरी त्यांना कोकणात, समुद्रकाठच्या एका शाळेत लागली. तिथे चार वर्षं काढून ते बदलीने इकडे आले. त्या चार वर्षांत ते दोन गोष्टी शिकून आले. एक, पाण्याखाली बुडी मारून भाल्याच्या बंदुकीने खडकातले मासे मारायला. आणि दुसरी, जे लोक असं करत नाहीत त्यांना कस्पटासमान मानायला. दुसरी विद्या त्यांना जास्त चांगली साधली होती.

ही बंदूक बारूदाची नसते. लाकडी दांडा, त्यावर रबराचे जाड पट्टे ताणलेले आणि पुढे पोलादी सळई. डोळ्यांवर काच, पायात लांब रबरी पंख, कमरेला शिशाचा पट्टा. पाठीवर हवेची नळकांडी वगैरे काही नाही. एक श्वास घ्यायचा, खाली जायचं, त्या एका श्वासात मासा शोधायचा, मारायचा आणि वर यायचं. सरांची बंदूक त्यांच्या बैठकीच्या खोलीत, लग्नाच्या फोटोच्या वर टांगलेली होती. घरी गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी ती दाखवली जायची, मग पाणी विचारलं जायचं.

बंदुकीच्या शेजारी फोटो होते. सर रबरी पोशाखात, हातात हेकरू. हेकरू म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा जाड ओठांचा, ठिपक्यांचा मासा. फोटोतला प्रत्येक हेकरू शाळकरी पोराएवढा होता. बोलताना तो आणखी वाढायचा.

धनजच्या या माणसाची भाषासुद्धा चार वर्षांत बदलून आली होती. आम्ही 'कुठी चालले' म्हणायचो, सर नाकातून 'खंय चललंस' म्हणायचे. पोरांना 'मेल्या' म्हणायचे. त्यांच्या सख्ख्या भावाने एकदा धनजहून फोन केला आणि 'दादा, सोयाबीन काढाले कधी येतं?' असं विचारलं, तर सर आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "नीट मराठीत बोल." भावाने फोन ठेवला. परत केला की नाही ठाऊक नाही.

स्टाफमधल्या प्रत्येकाला सरांनी माशाचं नाव दिलं होतं. मुख्याध्यापक म्हणजे हेकरू, कारण दिवसभर बिळात बसून तोंड उघडं टाकायचं. गणिताच्या बाई म्हणजे तांबोशी, दिसायला लाल आणि आत काटे. मी पोपट मासा. हा मासा खडकावरचं पोवळं कुरतडून खातो आणि मागून वाळू सोडतो. "मराठीवाल्यांचं तेच की," सर म्हणाले, "दिवसभर कोणाचं तरी कुरतडायचं आणि पोरांच्या डोळ्यांत वाळू." सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर दुसरं, याहून वाईट नाव मिळालं असतं.

देविदासभाऊंना मात्र नाव मिळालं नाही. देविदासभाऊ म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर, साठीला टेकलेले, जातीने भोई. त्यांचा बाप पैनगंगेच्या डोहात जाळी टाकायचा. कोणीतरी विचारलं, "सर, देविदासभाऊ कोणता मासा?" सर म्हणाले, "तो मासा कुठला, ते शेवाळ." देविदासभाऊ तेव्हा चहाचे कप गोळा करत होते. त्यांनी कप गोळा केले आणि गेले.

आमच्या बाजारातल्या माशांबद्दल सरांना किळस होती. रविवारी मासेवाल्या बाईच्या टोपलीतल्या रोहूकडे पाहून ते मोठ्याने म्हणायचे, "चिखलाचे गोळे." ती बाई एकदा म्हणाली, "नोका घेऊ ना भाऊ, पन दुसऱ्या गिऱ्हाईकाले काहून भडकवता?" तेव्हा सरांनी तिला खाऱ्या आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या चवीतला फरक समजावून दिला. सुमारे दहा मिनिटं. तोवर तिची दोन गिऱ्हाइकं पुढच्या टोपलीकडे गेली.

मग एका मे महिन्यात खरी चव कळावी म्हणून सरांनी कोकणातून थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून एक तांबोशी आणली. दोन एसट्या, एक रेल्वे, पुन्हा एसटी. वऱ्हाडातला मे महिना. पेटी घरी पोचली तेव्हा बर्फाचं गरम पाणी झालं होतं. सगळ्या स्टाफला जेवायचं बोलावणं होतं. देविदासभाऊ ताटं लावायला आले होते. ते दारातच थांबले, नाक वर केलं आणि हळूच म्हणाले, "सर, हे गेलं."

"तुला काय कळतं समुद्रातलं?"

"समुद्रातलं नाई कळत. वास कळते."

सरांनी त्यांना ताटं पुसायला पाठवलं. आम्ही बारा जणांनी ती तांबोशी खाल्ली. नाही म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. त्यातले सात जण दोन दिवस खाटेवरून उठू शकले नाहीत, त्यात मी एक. सर भेटायला आले आणि माझ्या खाटेशी बसून म्हणाले, "तुमच्या आतड्यांना खाऱ्या पाण्याची सवय नाही, त्याला मी काय करणार?"

सराव ते सासरच्या शेतातल्या विहिरीत करायचे. रबरी पोशाख घालून, कमरेला शिसं बांधून तळाशी बसायचे. पहिल्याच वेळी निंदणाऱ्या बायांनी पाहिलं की मास्तर कपडे काढून काठावर ठेवतो आणि विहिरीत उडी घेतो आणि वर येत नाही. बायांनी बोंब ठोकली. आजूबाजूच्या वावरांतली माणसं दोर घेऊन धावली, एकाने पोलिसांना फोन लावला, सरांच्या सासूने तिथेच बसकण मारून गळा काढला. तेवढ्यात सर वर आले आणि काठावरच्या पन्नास माणसांना पाहून म्हणाले, "गप्प बसा! किती गलका! मी खाली होतो ना!"

त्याच विहिरीत पुढे एकदा त्यांचा शिशाचा पट्टा सुटून गाळात गेला. त्यांनी तीन बुड्या मारल्या, सापडला नाही. मग देविदासभाऊंना बोलावणं गेलं. मीही सोबत गेलो होतो. देविदासभाऊंनी सदरा काढून घडी घालून ठेवला, धोतर खोचलं आणि पायऱ्यांवरून असे पाण्यात शिरले जसं कोणी आपल्या घरात शिरतं. डोळ्यांवर काच नाही, पायात पंख नाहीत. ते वर आले तेव्हा पट्टा त्यांच्या खांद्यावर होता. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

"विहिरीत काय," सर पट्टा धूत म्हणाले, "कोणीही आणेल. समुद्रात ये मग बघू."

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, सरांनी मला कोकणात चल म्हटलं. मी का गेलो ते खरं सांगतो. मला समुद्र पाहायचा नव्हता. मला या माणसाचं बिंग फुटताना पाहायचं होतं. आठ वर्षं मी पोपट मासा होतो. फोटोतले हेकरू खोटे आहेत असं माझं मन सांगत होतं, आणि ते खोटे निघाले की पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये ही गोष्ट कशी सांगायची, याची वाक्यंसुद्धा मी रेल्वेत जुळवत होतो.

देविदासभाऊंना सरांनी सामान उचलायला घेतलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. "तुला समुद्र दाखवतो," सर त्यांना म्हणाले होते, "पेट्या तेवढ्या सांभाळ." देविदासभाऊंनी त्यासाठी नवा सदरा शिवला होता.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दुपार होती. देविदासभाऊ खांद्यावरच्या पेटीसकट सरळ पाण्यापर्यंत गेले, वाकले, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "खरंच खारं हाय बावा," ते म्हणाले. मग बराच वेळ समोर बघत राहिले आणि मला विचारलं, "मास्तर, याची पलीकडची थडी कोन्त्या गावाले लागते?"

सरांनी हे ऐकलं. संध्याकाळी खाणावळीत त्यांनी ते चार टेबलांना ऐकवलं, देविदासभाऊंचा आवाज काढून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका ओळखीच्या होडीवाल्याच्या होडीतून निघालो. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर पाण्याखाली खडकांची रांग होती. पाणी इतकं स्वच्छ की वरून खडकांच्या सावल्या दिसत होत्या. होडीवाल्याने इंजिन बंद केलं, नांगर टाकला, विडी पेटवली आणि अगदी सहज, घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "गुरुजी, फोटोक ह्या वर्सा केवडो मासो होयो? कालच्या जाळ्यात एक बरो हेकरू गावलो हा. बर्फात ठेवलंय."

सर डोळ्यांवरची काच धुरकटू नये म्हणून तिच्यावर थुंकून ती पुसत होते, ते पुसतच राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. देविदासभाऊंनी तोंड दुसरीकडे फिरवलं, जसं आपण कोणी कपडे बदलत असताना फिरवतो.

मी हसलो. मोठ्याने हसलो. आठ वर्षांचं हसू होतं ते, थांबेना.

सर माझ्याकडे न बघता पाण्यात उतरले.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते. पाण्यात तो माणूस वेगळा होता. जमिनीवर बदकासारखे चालणारे सर पाण्याखाली गेले की त्यांच्यातलं सगळं फालतू गळून पडायचं. पायाचे दोन संथ झटके आणि ते खोल, हात न हलवता, आवाज न करता. पहिल्या बुडीत काही नाही. दुसऱ्या बुडीत तळहाताएवढा एक मासा. तो त्यांनी होडीत टाकला. होडीवाला म्हणाला, "बरो आसा." मी म्हणालो, "फोटोत मावेल ना?"

हे मी म्हणालो. कोणी मला म्हणायला लावलं नव्हतं.

सर होडीपासून लांब, खडक जिथे खाली उतरत होता तिकडे पोहत गेले. तिथे थांबून त्यांनी जोरजोरात श्वास घेतले, लोहाराच्या भात्यासारखे, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. होडीवाला विडी टाकून म्हणाला, "असा करूचा नाय, गुरुजी." सर खाली गेले होते.

देविदासभाऊ होडीच्या काठावर पोटावर आडवे होऊन पाण्यात बघत होते.

"मास्तर, लय वेळ झाला."

"त्यांची सवय आहे ती."

"जाड ओठाचा मासा हाय मोठा. कपारीत गेला. सोडून नाई राह्यले थे." थोड्या वेळाने म्हणाले, "सोडला. आले वरते." आणि मग एकदम गुडघ्यावर बसले. "मंधातच थांबले. बुडबुडे आले मास्तर!"

मी वाकून पाहिलं. सर पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन माणसांच्या उंचीइतके खाली होते, हात पसरलेले, मान मागे गेलेली. ते वर येत नव्हते. हळूहळू, अगदी आरामात, खाली जात होते.

देविदासभाऊंनी नव्या सदऱ्यासकट उडी मारली. भोयाच्या घरातला माणूस, पण डोह वेगळा, समुद्र वेगळा. खारं पाणी डोळ्यांत झोंबत असणार, खाली नीट दिसतही नसणार. होडीवाल्याने दोर टाकला. मी काय केलं? मी होडीचा काठ घट्ट धरून बसलो. मला पोहता येत नाही, हे माझं त्या वेळचं समर्थन होतं आणि ते खरंही आहे.

ते वर आले तेव्हा देविदासभाऊंनी सरांना काखेत धरलं होतं. सरांचे ओठ जांभळे, डोळे पांढरे. होडीवाल्याने आणि मी त्यांना वर ओढलं. देविदासभाऊ काठाला लटकूनच त्यांच्या गालांवर चापट्या मारत होते. "सर! ओ सर! श्वास घ्या! घ्या म्हनतो ना!" आयुष्यात पहिल्यांदाच ते सरांवर ओरडले असतील.

सरांनी एक मोठा घोगरा श्वास घेतला. मग दुसरा. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते नाकातलं नव्हतं. "आई वं," ते म्हणाले, "मले धर वं."

मग डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. "हेकरू कुठाय?"

देविदासभाऊ होडीत चढून काठावर ओणवे झाले होते आणि खारं पाणी ओकत होते. त्यांच्या नाकातून रक्त येत होतं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हा कसा ओला झाला?"

होडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी देविदासभाऊंकडे. देविदासभाऊंनी सदऱ्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "पाण्यात गेल्तो, सर."

एवढंच. माणसाने एवढ्यातून काय काय बांधावं! जेवताना सर देविदासभाऊंना म्हणाले, "तू कसा काय पडलास रे?" झोपायच्या आधी म्हणाले, "मला आठवतंय, तू माझ्या दंडाला धरलं होतंस." आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेत बसलो तोवर सगळं तयार होतं. देविदास होडीतून तोल जाऊन पडला. सर त्या वेळी शाळकरी पोराएवढ्या हेकरूला भिडलेले. त्यांनी हेकरू सोडला, बंदूक सोडली, देविदासला वर आणलं. बंदूक खरोखरच खाली खडकात राहिली होती, त्यामुळे पुरावाही होता.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की श्वास संपल्याचं कळत नाही आणि एकदम शुद्ध जाते, आणि पाण्याखाली अशी शुद्ध गेलेल्या माणसाला पुष्कळदा ती गेल्याचं आठवतच नाही. म्हणजे सर खोटं बोलत होते की त्यांना खरोखर तसंच वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. पण मला सगळं आठवत होतं.

रिसोडला उतरून, चहा पिऊन, मी बिंग फोडायच्या तयारीने मोबाइल उघडला तर स्टाफच्या ग्रुपवर सरांनी रेल्वेतूनच दोन पानी मजकूर टाकलेला होता. खाली फुलं, सलाम, 'गर्व आहे सर'. गणिताच्या बाईंनी डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं होतं. आता मी काय लिहिणार? मी अंगठा टाकला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सरांचा सत्कार झाला. सूत्रसंचालन माझं. मानपत्रही माझं. 'उसळत्या लाटांशी झुंज देऊन', असं मी लिहिलं होतं. त्या दिवशी समुद्र तळ्यासारखा शांत होता. शाल-श्रीफळाचं ताट धरून देविदासभाऊ उभे होते. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "ज्याचे प्राण वाचले त्याच्याच हस्ते," आणि देविदासभाऊंनी सरांच्या खांद्यावर शाल घातली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रयोगशाळेत गाठलं. "काहून बोलत नाही हो तुमी?"

ते परीक्षानळ्या धूत होते. "त्याइले आठवत नाई, मास्तर. माणूस जिता हाय ना? मंग बोलू द्या."

"पण तुमचं नाव जाऊन राह्यलं!"

त्यांनी नळी उलटी करून पाणी झटकलं. "तुमाले त आठवते. तुमी सांगा ना."

मला त्याच वेळी तास होता. मी गेलो.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण सरांना कोणीतरी सांगितलं की बुडत्याला वाचवणाऱ्याला सरकार पदक देतं. अर्जाला दोन निवेदनं लागत होती, एक वाचलेल्या माणसाचं आणि एक पाहणाऱ्याचं. पाहणारा मी. सरांनी दोन्ही निवेदनांचा एकच कागद टाइप करून आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं. पुढच्या वर्षी तेच मुख्याध्यापक होणार हे ठरलेलं होतं आणि माझ्या वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव त्यांच्याच हातून जायचा होता. त्यांनी तसं काही बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच पडली नाही. मी वाचायचं नाटक केलं आणि सही केली.

संध्याकाळी आम्ही दोघं देविदासभाऊंच्या घरी गेलो. त्यांनी ओसरीत खाट टाकली. घरात त्यांची बायको मासे तळत होती, डोहातले लहान मासे, आणि सरांनी सवयीने नाकाला रुमाल लावला.

"इथं सही कर," सर म्हणाले.

देविदासभाऊंनी चष्मा लावला. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. ते बोट फिरवत, ओठ हलवत वाचू लागले. सर दोनदा म्हणाले, "अरे, वाचायचं काय त्यात." ते वाचतच राहिले. शेवटपर्यंत गेले. माझ्या सहीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी त होते ना नावेत."

मी खाटेच्या निवारीकडे बघत होतो.

"बोलन्यात होतं तोवर मी काई म्हनलं नाई," देविदासभाऊ सरांकडे वळले. "हा कागद हाय. कागदावर माह्यं नाव खोट्याले नाई लावत मी. सर, तुमची शुद्ध गेल्ती. डोये पांढरे झाल्ते. तुमी खाली चालले होते, मी आणलं तुमाले. तुमाले आठवत नाई, त्यात तुमचा काई दोष नाई."

आतून तळणाचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली.

सर हसले. मग हसू गेलं. त्यांनी रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "असं झालं?"

मी निवारीचा एक सुटलेला धागा ओढत राहिलो.

"तुले विचारून राह्यलो मी. असं झालं का?"

"हो," मी म्हणालो.

"मले देविदासनं काढलं?"

"हो."

सर उठले, देविदासभाऊंच्या हातातला कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि निघाले. मी मागे मागे. मला वाटलं, संपला हा माणूस. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये आले आणि बसले नाहीत. सगळ्यांचे डबे उघडे होते. देविदासभाऊ कोपऱ्यात हजेरीपुस्तकं लावत होते. सर म्हणाले, "मी तुमाले जे सांगतलं ते खोटं हाय. मी बुडलो होतो. मले या देविदासनं काढलं." कोणाचा घास हातातच राहिला. देविदासभाऊंनी मान वर केली नाही. मग सरांनी खिशातून कालचा कागद काढून टेबलावर उलगडला. "मले आठवत नव्हतं. शुद्धच नव्हती त आठवन कसं? पन हा माणूस शुद्धीत होता. यानं समदं पायलं. सत्कारात माइकवर वाचलं थे यानंच लिहिलं. आन् ही पाहा त्याची सही."

त्यांनी हे मोठ्या मनाने केलं असं मला आजही वाटत नाही. पडलेल्या माणसाला आपल्याहून खाली कोणीतरी हवा असतो, आणि सरांना तो आयता सापडला होता. ते नंतर इथले न होता वाशीमकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होऊन गेले, तिथेही पोरांना 'मेल्या' म्हणतात असं ऐकतो. देविदासभाऊ निवृत्त झाले, रविवारी बाजारात भेटतात, बरं आहे का विचारतात, आणि थांबत नाहीत.

त्या दिवशी कागद टेबलावरून फिरला. गणिताच्या बाईंनी माझी सही पाहिली, मुख्याध्यापकांनी पाहिली, सगळ्यांनी एकेक करून पाहिली. मी सरांच्या बोलण्यात कुठे भर पडली आहे ते शोधत होतो. वीतभर माशाचा हातभर हेकरू करणारा माणूस होता तो. माझ्या बाबतीत मात्र त्याला एक शब्दही वाढवावा लागला नव्हता.